रातपाळीची झोप

सावली सरकली की समाधान सरकायचा.

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचा, चहाचपाती खायचा आणि सतरंजी काखेत मारून खोलीबाहेर पडायचा. ऊन कोवळं असेतो पाण्याच्या टाकीच्या मागं. ऊन चढलं की टाकीच्या खाली, खांबांच्या मधोमध. कललं की संडासाच्या भिंतीला. डोळे न उघडता, सतरंजीचं टोक मुठीत धरून, झोपेतलं मूल आईचा पदर चाचपत सरकतं तसा तो सावलीमागं सरकत राहायचा. दिवसभर त्याची झोप अशी तुकड्यातुकड्यांनी व्हायची, आणि सगळे तुकडे जोडले तरी त्यांची एक गोधडी होत नव्हती.

समोरच्या ओट्यावर गहू निवडता निवडता रुक्मिणीबाई हे बघत राहायच्या. जागा त्यांची, खोल्या त्यांच्या. चाकणहून म्हाळुंग्याकडं जाताना, कंपन्यांच्या भिंती मधेच थांबतात तिथं डाव्या हाताला पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक रांग होती. त्या रांगेच्या जागी पूर्वी आमराई होती. रस्त्यानं अर्धं शिवार घेतलं, उरलेल्यावर दत्तोबांनी, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या मालकांनी, आंबे तोडून खोल्या उठवल्या. कामगार आले, राहिले, गेले, नवे आले. वाईट काही झालं नाही. फक्त ऊन आलं.

ऊन पूर्वीही होतंच. पण रुक्मिणीबाई सून होऊन आल्या तेव्हा इकडचा उन्हाळा म्हणजे दुपारचा पाहुणा. यायचा, दोन घटका बसायचा, दिवेलागणीला उठून जायचा. वैशाखातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी ओढावं लागे. आता तो होळीआधीच येऊन बसतो आणि रात्रीही हलत नाही. भिंतीत शिरलेलं ऊन अंधार पडल्यावर बाहेर यायला लागतं. मुलगा नवनाथ पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहायला गेला, तो सून दिपालीला घेऊन उन्हाळ्यात इकडं फिरकत नाही. फोन मात्र करतो. सरकारचा इशारा आलाय म्हणतो, दुपारी घराबाहेर पडू नका.

रुक्मिणीबाई समाधानकडं बघायच्या आणि मनाशी म्हणायच्या, हा तर घरात राहू शकत न्हाई, ह्यानं काय करावं?

समाधान परभणीकडचा. बायको आम्रपाली, आई चतुराबाई आणि तो, तिघं कोपऱ्यातल्या खोलीत. गाडीच्या दारांचे पत्रे दाबून काढणाऱ्या प्रेसवर तो कामाला होता. दिवसा शेडखाली माणसं चक्कर येऊन पडायला लागली म्हणून त्याच्या कंपनीनं उन्हाळाभर सगळं जड काम रात्रीवर टाकलं होतं. माणसांची कणव आली म्हणून टाकलं की पत्रे अडले म्हणून, कोण जाणे. टाकलं खरं. रात्रीच्या माणसांनी दिवसा झोपायचं कुठं, ते मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

गुरुवार आला की दुरुस्तीसाठी लाईट जायची. मग ज्या पंख्यातून गरम वारा का होईना यायचा, तोही थांबायचा. अशा एका गुरुवारी समाधान टाकीखाली उठून बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून तसाच बसून राहिला. रडत नव्हता. नुसता बसला होता. रुक्मिणीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. लग्नाआधी जात्यावर बसायच्या त्या दिवसांतली ओवी लागावी तशी ओठांवर ओळ आली. ती कुणाची नव्हती, त्यांचीच होती:

*दुपारच्या पारी, उन्हाची लागे धार*
*कुण्या मायचं लेकरू, हिंडे सावलीचं दार*

आणि त्यांना गोठा आठवला.

घरामागं गोठा तेवढा जुना राहिला होता. घराला स्लॅब पडला, फरशी आली, गोठ्याला कुणी हात लावला नव्हता. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, कौलांखाली बांबू, दार बुटकं. गुरं कधीच गेली होती. पण आत पाऊल टाकलं की अंगावर पाण्याचा हात फिरल्यासारखं व्हायचं.

"भाडेकरूला गोठ्यात झोपवणार?" दत्तोबांनी विचारलं. "लोक म्हणतील, दत्तोबाकडं आता माणसं बांधत्यात."

"बांधत कशापायी? झोपंल बिचारा."

"कर बाई. तुला दोन दिवस काम मिळालं."

दोन दिवस नाही, एकच लागला. रुक्मिणीबाईंनी जाळ्या काढल्या, जमीन सारवली, सुंभाची बाज झटकून मधोमध मांडली. घरातून वाकळ आणली. कोनाड्यात पाण्याची कळशी ठेवली. शेजारी एक स्टीलचा ग्लास पालथा घातला. सगळं बघून त्यांना समाधान वाटलं, आणि मग नावावरून हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीपाशी जाऊन त्याला हाक मारली. "अरं समाधान, ऊठ. चल माझ्यासंगं. तुझ्या झोपंची सोय केली."

तो डोळे चोळत मागं आला. दारात वाकला. आतला गारवा लागला तसा त्याचा चेहरा सैलावला. "आयला मावशी," तो म्हणाला, "हे तर एसी हाय की."

"मग! पड आता निवांत. कुणी उठवायचं न्हाई."

समाधाननं आत बघितलं. बाज बघितली. भिंतीला लागून दावणीचे खुंटे होते, ते बघितले. मग नजर कोनाड्याकडं गेली आणि तिथंच थांबली. वाकलेला होता तो ताठ झाला, आणि कपाळ चौकटीला लागलं.

"नको मावशी," तो म्हणाला.

"का रं?"

"खोलीच बरी हाय मला. येतो."

आणि तो गेला. उन्हातून सरळ गेला, सावलीसाठी वाट वाकडी केली नाही.

रुक्मिणीबाई सारवलेल्या जमिनीवर उभ्या राहिल्या. आधी त्यांना काही कळलं नाही. मग राग आला. एवढी पाठ मोडून सारवलं, घरची वाकळ दिली, आणि म्हणे खोलीच बरी! दत्तोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तरी मी म्हणलं व्हतं," आणि पेपरात तोंड घातलं. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून समाधान टाकीखाली आला नाही. खोलीतच राहायला लागला, दार लावून. आम्रपाली पाणी भरायला यायची, पण हसायची नाही. चतुराबाई मात्र पूर्वीसारख्याच दारात बसून तांदूळ निवडायच्या, आणि निवडता निवडता गुणगुणायच्या. आवाज बारीक होता, पण उन्हात दुसरा कुठलाच आवाज नसल्यामुळं ओट्यापर्यंत यायचा:

*भीमाच्या नावाची, आमी भाकर खाल्ली*
*मान खाली घालायची, रीत तिकडंच ऱ्हायली*

रुक्मिणीबाईंनी ऐकलं. हे आपल्याला आहे, एवढं त्यांना कळलं. काय आहे, ते कळलं नाही. किंवा कळायच्या दारात आलं होतं आणि त्यांनी दार उघडलं नाही, असंही असेल.

ऊन वाढत गेलं. टाकीला हात लावला तर चटका बसायचा. एक दिवस दुपारी आम्रपाली हंडा घेऊन आली आणि नळाखाली हंडा भरून वाहायला लागला तरी तिनं तो उचलला नाही.

"अगं, पाणी चाललं," रुक्मिणीबाई ओरडल्या. "कुठं ध्यान हाय?"

आम्रपालीनं नळ बंद केला. "काल रात्री ह्यांचा डोळा लागला, मावशी. प्रेसवर. उभ्याउभ्या."

"मग?"

"शेजारच्या मशीनवरच्यानं कॉलरला धरून मागं ओढलं. हात बाहेर निघाला. हातमोजा आत राहिला." तिनं चार बोटं एकमेकांवर दाबून दाखवली. "पापडासारखा झालाय. खिशात घालून आणलाय घरी. सासूबाईंना दाखवला न्हाई."

रुक्मिणीबाई ओट्यावरून उतरल्या. पायात चपला नव्हत्या, ते फरशी भाजल्यावर कळलं. "अगं मग माझा गोठा मोकळा पडलाय! एवढं चांगलं सारवून दिलं, त्यात झोपायला काय झालं त्येला? हात गेला तर काय करणार? कसला एवढा ताठा?"

आम्रपाली त्यांच्याकडं बघत राहिली. ही पोरगी चिडली तर कशी दिसते ते रुक्मिणीबाईंनी पहिल्यांदा बघितलं. ती चिडली की शांत व्हायची.

"गोठ्याचं एवढं नव्हतं, मावशी. गार जागा ती गार जागा. पण तुम्ही ग्लास वेगळा ठेवला."

"कुठला ग्लास?"

"कोनाड्यातला. पालथा."

"अगं, तो त्येच्यासाठीच ठेवला व्हता! तहान लागली तर."

"त्याच्यासाठीच. तेच म्हणायलेय मी."

नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. आम्रपालीनं हंडा उचलून कमरेवर घेतला.

"आमच्या गावात पाटलाच्या गोठ्यात असाच कोनाडा होता. त्यात कान तुटलेला कप. आमच्या वस्तीतल्या माणसानं काम करायचं, त्या कपात चहा घ्यायचा, धुवून परत पालथा घालायचा. सासूबाईंनी तो कप धुतलाय. हे लहान होते, आईचा पदर धरून शेजारी उभे राहायचे. सासऱ्यांनी, भिवा नाव त्यांचं, एक दिवस कप घेतला आणि दगडावर आपटला. त्याच आठवड्यात गाव सोडलं." ती दोन पावलं गेली आणि वळली. "तुमच्या मनात नसंल, मावशी. हे पण तसंच म्हणाले, त्यांच्या मनात नसंल म्हणून. पण झोप येत न्हाई तिथं."

ती गेल्यावर रुक्मिणीबाई गोठ्यात गेल्या. ग्लास होता तिथंच होता.

त्यांनी स्वतःला खूप समजावलं. ग्लास ठेवताना आपण काहीच विचार केला नव्हता, हे खरं होतं. हात आपोआप कोनाड्याकडं गेला. सासूबाईंचा हात जायचा तिकडंच गेला. पण मग त्यांना मागल्या साली राहायला असलेला साहेबराव आठवला, नगरकडचा ड्रायव्हर, जातीनं आपल्यातलाच. तो दारात आला तेव्हा त्याला पाणी घरातल्या तांब्यातून गेलं होतं. तेव्हा हात आपोआप स्वयंपाकघराकडं गेला होता. हाताला कोण कुठला ते माहीत होतं तर. बाईला माहीत नसेल, हाताला होतं.

त्या बाजेवर बसून राहिल्या. आत गार होतं आणि त्यांना घाम आला होता.

मग उठून त्या कोपऱ्यातल्या खोलीकडं गेल्या. भाडं मागायला, बल्ब बघायला त्या दारापर्यंत कितीदा गेल्या होत्या. आत कधी नाही. आज गेल्या. पत्र्याखाली पाऊल टाकलं आणि भाकरीवर कुणी तवा पालथा घालावा तसं झालं. समाधान जमिनीवर ओला टॉवेल पांघरून पडला होता, डोळे उघडे. त्यांना बघून उठून बसायला लागला.

"पड, पड," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

तो बसलाच. आम्रपाली हंड्यापाशी उभी होती. चतुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तांब्यात पाणी घेतलं आणि पुढं केलं. हात लांब केला आणि मागं घेतला नाही. रुक्मिणीबाईंनी तांब्या घेतला, तोंडाला लावला, प्यायल्या. पाणी कोमट होतं. पिताना तिघंही आपल्याकडं बघतायत हे त्यांना कळत होतं, आणि आजवर आपल्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं हेही कळत होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"ग्लासाचं ना," चतुराबाई म्हणाल्या. "बरं झालं म्हणाल्या. मनात ठेवलं की नासतं."

"आता येऊ द्या त्याला. मी ग्लास काढते. कळशीपण काढते. घरातला माठ आणून ठेवते."

चतुराबाईंनी मान हलवली. होकाराची नव्हती. "बाई, तुमच्या उपकारात हे लेकरू झोपायचं न्हाई. इथं सावलीमागं सरकतंय, तिथं तुमच्या पावलामागं सरकंल. तुम्ही दारात आल्या की उठून बसंल. आत्ता बघितलं न्हवं?"

समाधान खाली बघायला लागला.

"मग काय करू मी?"

"चावी द्या."

"कसली?"

"गोठ्याची. आमच्यापाशी असू द्या. हा एकटा न्हाई, ह्या लायनीतली रातपाळीची समदीच लेकरं झोपतील. झाडू आमी, सारवू आमी, माठ आमी भरू. तुमचं कुणी पाणी प्यायला आलं तर त्यालाबी देऊ." बोलता बोलता चतुराबाईंच्या डोळ्यांच्या कडा किंचित हसल्या.

रुक्मिणीबाईंनी लगेच दिली, असं झालं नाही. चावी कनवटीला होती, त्यांनी ती वरून चाचपली. ती त्यांनी सुनेलाही कधी दिली नव्हती. गोठ्यात आता काही नव्हतं, तरी तो घरातला शेवटचा कोपरा होता जिथं त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नव्हतं. "मालकांना इचारते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दत्तोबा पंख्याखाली बनियन वर करून पडले होते. ऐकलं आणि ताडकन बसले.

"भाडेकरूच्या हातात चावी? आज गोठा, उद्या घर देशील. डोकं फिरलं का उन्हानं?"

"मग तुमी झोपा तिथं. तुमी झोपला की कुणी म्हणायचं न्हाई, ह्यांनी आमाला गोठ्यात धाडलं."

"मी?" दत्तोबांचा आवाज चढला. "मी गोठ्यात झोपू? ह्या घरचा मालक? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

रुक्मिणीबाई नुसत्या बघत राहिल्या.

दत्तोबांचं तोंड उघडं होतं. ते हळूच मिटलं.

"तुमाला नुसतं म्हणलं तर लागलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्या पोराला मी नेऊन दाखवलं."

त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि गोठ्यात गेल्या. पहिल्या खुंट्याच्या बुडाशी घाव घातला. खुंटा जुना होता, मुरलेला होता, हलेना. चार घावांत दम लागला. मागून दत्तोबांची सावली दारात पडली. ते थोडा वेळ उभे राहिले.

"अशी मारतात का पहार? सर बाजूला."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळे खुंटे उपटले. खड्डे रुक्मिणीबाईंनी मातीनं बुजवले. दिवेलागणीला त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात जाऊन चावी आम्रपालीच्या हातात दिली. देताना बोटं जरा अडली, आम्रपालीला ते कळलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

मग गोठा त्यांचा राहिला नाही. चतुराबाईंनी दारापाशी स्वतःचं बसणं मांडलं. कुठून तरी काळा मोठा माठ आला, त्यावर एकच ओगराळं. चार-पाच पोरं आपापल्या सतरंज्या घेऊन यायला लागली. पहिल्या दिवशी समाधान झोपला तो इतका गाढ, की संध्याकाळी बसच्या वेळेला त्याला उठवताना आम्रपाली घाबरली. उठला, इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाला, "अजून दुपारच हाय का?"

रुक्मिणीबाईंना हे आम्रपालीनं सांगितलं. त्या स्वतः गेल्या नाहीत. जावंसं वाटायचं. हाताला सवय होती, दुपार झाली की कनवटीला जायचा आणि रिकामा परत यायचा. ओट्यावर बसून त्या बंद दाराकडं बघत राहायच्या. आपल्याच गोठ्यात जायला कारण लागतं, हे त्यांना थोडं बोचायचं. बोचतंय ते बोचू दे, असंही वाटायचं.

पुढचा गुरुवार आला तसा लाईट गेली. स्लॅब तापला, फरशी तापली, घरात श्वास घेववेना. दत्तोबा आत-बाहेर करत राहिले. ओल्या पंच्यानं अंग पुसून झालं, पेपरानं वारा घेऊन झाला. मग घरात जरा वेळ सामसूम झाली. रुक्मिणीबाईंनी ओट्यावरून मान वळवली तर दत्तोबा घराच्या मागच्या बाजूनं निघालेले. काखेत उशी होती, आणि ती पंच्याखाली झाकायचा प्रयत्न चालला होता.

गोठ्याच्या दारापाशी जाऊन ते थांबले. एकदा खाकरले.

"कोण हाय?" आतून चतुराबाईंचा दबका आवाज आला.

दत्तोबांनी मागं वळून बघितलं. रुक्मिणीबाईंनी पटकन सुपात मान घातली.

"मी," दत्तोबा म्हणाले. मग जरा थांबून, "दत्तोबा."

"या. चपला भाइर काढा." दार किलकिलं झालं. "आन् आवाज करू नका, लेकरं झोपलीत."

दत्तोबांनी चपला काढल्या, उशी छातीशी धरली आणि बुटक्या दारातून मान खाली घालून आत गेले.